चौतीसपैकी चौतीस

श्रीलंकेच्या पक्षी-सहलींची माहितीपत्रकं शेवटून वाचावीत. सुरुवातीचं सगळं सगळ्यांचं सारखंच असतं. कोलंबोला उतरा, कितुलगला, मग सिंहराजा, मग नुवारा एलिया, मग खाली तिस्साच्या तळ्यांवर आणि परत. दहा-बारा दिवस. खरी गंमत शेवटी असते. "मागच्या मोसमात आमच्या पाहुण्यांनी चौतीसपैकी चौतीस पक्षी पाहिले" अशा अर्थाची एखादी ओळ तिथे हमखास सापडते. फोटो-टूर असेल तर पुढे "स्वच्छ बॅकग्राउंडसकट" हे शेपूट.

माझं म्हणणं एवढंच आहे की पत्रकात ही ओळ असेल तर त्या टूरला जाऊ नका. आणि नसेल तर कृपा करून ती मागू नका.

का, ते सांगतो. पण आधी, ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी.

श्रीलंका आकाराने महाराष्ट्राच्या साधारण एक पंचमांश. मुंबईहून विमानाने अडीच तास. एवढ्याशा बेटावर जगात दुसरीकडे कुठेही न सापडणारे पक्षी आहेत तेहेतीस किंवा चौतीस. म्हणजे यादी कुणाची धरता त्यावर. जुन्या पुस्तकांत हीच संख्या विशीत होती. पुढे अभ्यासकांनी काही उपजातींना स्वतंत्र जातींचा दर्जा दिला आणि आकडा वाढला. नव्याने सापडलेलं एक घुबड सोडलं तर जंगलात काहीच बदललं नव्हतं, फक्त आपल्या यादीचं नवीन व्हर्जन आलं होतं :-)

तर या यादीला 'प्रदेशनिष्ठ पक्ष्यांची यादी' म्हणतात, आणि बहुतेक टूर्स तिच्याभोवतीच फिरतात. निळी मॅगपाय झाली? टिक. लाल तोंडाची मालकोहा? टिक. पुढे चला.

आमच्या धंद्यातल्या लोकांना पुढचं समजावून सांगायला नको. क्लायंटने काँट्रॅक्टमध्ये फक्त आकडा लिहिला की टीम आकडा डिलिव्हर करते. तो कसा आला हे कुणी विचारत नाही. क्यूएला "किती बग सापडले" यावर बोनस द्या, बग भरपूर सापडतील. गाइडला "किती पक्षी दाखवले" यावर टिप द्या, पक्षी दिसतील. कसे दिसतील, तेवढं बघायला हवं.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे आवाज वाजवणं. गाइडच्या खिशात फोन आणि कमरेला छोटा स्पीकर. हव्या त्या पक्ष्याची हाक लावायची. पक्ष्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला, आणि तो चोचीतला घास टाकून भांडायला येतो. रात्री दोन वाजता कुणीतरी तुमच्या फ्लॅटची बेल दाबून "हे घर माझं आहे" असं ओरडावं आणि तुम्ही दार उघडावं तर समोर कुणीच नसावं, तसं. एकदा ठीक आहे हो. पण मोसमभर, रोज सकाळी, तीन-तीन गट?

आणि मोसम कुठला? टूर्सची गर्दी नोव्हेंबर ते एप्रिल. नैर्ऋत्येच्या पावसाळी जंगलातल्या अनेक पक्ष्यांची वीण फेब्रुवारी ते मेच्या आसपास. म्हणजे घरट्यात अंडी असतानाच आपली बेल वाजते.

आता त्या नवीन घुबडाची गोष्ट, कारण मला सगळ्यात जास्त ती लागते.

१९९५ मध्ये दीपाल वारकगोडा या पक्षी-अभ्यासकांना रात्री जंगलात एक अनोळखी हाक ऐकू आली. ओळखीच्या कुठल्याच पक्ष्याशी ती जुळेना. ते ऐकत राहिले. किती? तर पक्षी प्रत्यक्ष दिसला २३ जानेवारी २००१ ला, सिंहराजाच्या जंगलात. मुठीएवढं तांबूस घुबड. २००४ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं. १८६८ नंतर श्रीलंकेत सापडलेली ही पहिलीच नवीन पक्षी-जात. म्हणजे शंभराहून जास्त वर्षं ते तिथेच होतं, आणि एका माणसाने सहा वर्षं कान दिला तेव्हा कळलं.

आज हे घुबड आपण साधारण दहा मिनिटांत बघतो.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही चौघं कितुलगलाला होतो. सकाळी गावातला एक मुलगा जंगलात जाऊन घुबड कुठे झोपलंय ते शोधून येतो, फोन करतो, मग गट निघतात. आम्ही पोचलो तेव्हा आमच्या आधी दोन गट उभे. घुबड जमिनीपासून जेमतेम पाच-सहा फुटांवर, काटक्यांच्या गचपणात, डोळे मिटून. पुढच्या गटातल्या एका गृहस्थांच्या फ्रेममध्ये एक डहाळी डोळ्यावर येत होती. त्यांनी गाइडला खुणावलं. गाइड क्षणभर थांबला, मग पुढे झाला आणि डहाळी हाताने वाकवून धरून उभा राहिला. किती वेळ, तर पंधरा-वीस मिनिटं. घुबडाने दोनदा डोळे उघडले. दोन्ही वेळा शटरचा आवाज पावसासारखा. आमच्या गाइडने आमच्या पाळीला एकेकाला दुर्बिणीतून दाखवलं आणि दोन मिनिटांत सगळ्यांना बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी ते घुबड त्या जागी नव्हतं. डहाळीमुळेच गेलं असं मी म्हणणार नाही, घुबडं जागा बदलतात. पण हे दाट गचपण त्याने दिवसा लपायलाच निवडलेलं असतं, आणि आपण नेमकं तेच बाजूला करतो.

रात्री जेवताना मी आमच्या गाइडला विचारलं, तुम्ही लोक 'नाही' का म्हणत नाही?

तो हसला. म्हणाला, "सर, त्याला मी वीस वर्षं ओळखतो. जंगलात त्याच्याइतकं हळू चालणारा माणूस मी बघितला नाही. पण गेल्या वर्षी एका गटाने रिव्ह्यूमध्ये लिहिलं, घुबड नीट दिसलं नाही. पुढची दोन बुकिंगं गेली. तुम्हीच सांगा, त्याने कुणाला नाही म्हणायचं?"

हे उत्तर समजायला त्या देशाची मागची काही वर्षं आठवावी लागतात. २१ एप्रिल २०१९, ईस्टरच्या दिवशी चर्च आणि हॉटेलांमध्ये बॉम्बस्फोट झाले, पर्यटक पळाले. सावरतात तोवर २०२० चा कोविड. त्यातून उठतात तोवर २०२२, पेट्रोलच्या मैल-मैल रांगा, अंधार, औषधांचा तुटवडा, आणि जुलैमध्ये राष्ट्राध्यक्षच देश सोडून गेले. ओळीने तीन फटके. आपल्याकडे एक क्वार्टर प्रोजेक्ट नसला तर आपण 'बेंचवर आहे' म्हणून रडतो. २०२४ मध्ये पर्यटकांचा आकडा पुन्हा वीस लाखांच्या वर गेला, आणि त्यांत पहिला नंबर आपला, भारतीयांचा. अशा वेळी ज्याच्या डोक्यावर व्हॅनचं कर्ज आहे त्याने नीतिमत्तेचा झेंडा घेऊन उभं राहावं आणि आपण लेन्स रोखून वाट बघावी, हा कुठला न्याय?

म्हणून नुसतं गाइडांना शिव्या घालणाऱ्यांशी माझं जमत नाही. स्पेसिफिकेशन आपण लिहिलंय.

इथे दोन आक्षेप येतात आणि दोन्ही खरे आहेत.

पहिला आक्षेप, "मग जाऊच नये का?" जावं, जरूर जावं. सिंहराजा आज उभं आहे ते काही आपोआप नाही. १९७० च्या दशकात प्लायवुडसाठी तिथे झाडं तोडणं सुरू झालं होतं. थिलो हॉफमन नावाच्या मूळच्या स्विस गृहस्थांनी आणि तिथल्या निसर्गप्रेमींनी जोर लावला आणि १९७७ मध्ये तोड थांबली. (त्या घुबडाचं शास्त्रीय नाव यांच्याच नावावरून ठेवलंय.) १९८८ मध्ये ते जागतिक वारसा स्थळ झालं. उभ्या जंगलातून आसपासच्या गावांना पैसे मिळत राहिले तरच ते पुढेही उभं राहील, आणि ते पैसे तुमच्या-माझ्यासारखेच लोक नेतात. सहली हव्यात. प्रश्न आपण पैसे नेमके कशाचे देतो हा आहे.

दुसरा आक्षेप जास्त मजेशीर आहे. "अहो, आवाज काढून पक्षी बोलावणं हे पक्षी स्वतःच करतात!" अगदी बरोबर. सिंहराजात वेगवेगळ्या जातींचे पक्षी एकत्र थवा करून हिंडतात. सरासरी चाळीसेक पक्षी, दहा-बारा जाती. मध्यभागी नारिंगी चोचीचे सातभाई, सतत कलकल करत, आणि त्यांच्या आजूबाजूला कोतवाल. सरत कोटगमा यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून या थव्यांच्या नोंदी ठेवल्या. पुढे एबेन गुडेल आणि त्यांनी २००६ मध्ये दाखवून दिलं की हा कोतवाल इतर पक्ष्यांच्या नकला करतो आणि त्या नकलांनी इतर पक्षी त्याच्याकडे ओढले जातात. तेही त्यांनी शोधलं रेकॉर्डिंगं वाजवूनच! तेव्हा आवाज वाजवणं हे महापाप वगैरे आहे असं मी म्हणत नाही.

पण फरक बघा. कोतवाल पक्षी बोलावतो आणि मग तिथेच थांबतो. शिकारी पक्षी आला तर इशारा देतो. आपल्या लोकांनी त्याचं नाव उगाच कोतवाल ठेवलेलं नाही. आपण बोलावतो, फोटो काढतो आणि पुढच्या टिकमार्ककडे निघतो.

आणि यादीच्या नादात हा थवाच हातातून जातो. असा थवा रस्ता ओलांडताना वीस मिनिटं जंगल नुसतं उकळत असतं. वर मालकोहा, मध्ये कोतवाल, खाली सातभाई, प्रत्येकाचा मजला ठरलेला. माझ्या शेजारी उभे असलेले एक सद्गृहस्थ तेव्हा कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर मालकोहाचा डोळा शार्प आलाय का ते तपासत होते. मालकोहा झाली, म्हणून थवा संपला.

यादीत नसलेल्या पक्ष्यांचं तर काय सांगावं! नुवारा एलियाच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये हिवाळ्यात नवरंग असतो. आपला नवरंग, जो पावसाळ्यात कोकणात घरटं करतो आणि स्थलांतराच्या दिवसांत कधीकधी थकून मुंबई-पुण्याच्या बाल्कनीत सापडतो. सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला ओरडतो म्हणून तमिळमध्ये त्याला सहा वाजताचा पक्षी, आरुमणि कुरुवि म्हणतात. पार्कमध्ये डबे उघडून बसलेल्या कुटुंबांपासून हाकेच्या अंतरावर तो पाचोळा उलटत होता. त्याच्यासाठी काही वाजवावं लागलं नाही. ओढ्याच्या काठी पाऊण तास गप्प बसावं लागलं, बस. "हा तर भारतातही आहे" म्हणून एक गट न थांबता पुढे गेला.

तर आता कामाचं बोलू. पुढच्या वेळी बुकिंगचा ई-मेल टाकताना चार ओळी जास्त लिहा.

एक, आम्हाला आकडा नको, एका जंगलात सलग तीन-चार दिवस द्या. दोन, आवाज वाजवायचा की नाही, किती आणि कुठे, हे गाइड ठरवेल. घरट्यापाशी आणि झोपलेल्या घुबडापाशी तोच सांगेल तेव्हा आम्ही निघू. तीन, फांद्या वाकवायच्या नाहीत, रात्रीच्या पक्ष्यांवर फ्लॅश मारायचा नाही, घरट्यावरचे फोटो नकोत. (आपल्याकडच्या काही निसर्ग-छायाचित्रांच्या स्पर्धा असे फोटो आता घेतही नाहीत.) चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, टिप किती देणार ते आम्ही पहिल्या दिवशीच ठरवू, पक्षी चौतीस दिसोत की चौदा.

या चार ओळींनी त्या माणसाला एकच गोष्ट मिळते, नाही म्हणायची मुभा. ती त्याला त्याच्या सरकारकडून मिळायची तेव्हा मिळेल. आपण आजच देऊ शकतो, आणि ती फुकट आहे.

आणि परत आल्यावर रिव्ह्यू लिहायला विसरू नका. आपण लोक उशिरा आलेल्या पिझ्झावर तीन परिच्छेद लिहितो. तेव्हा एवढंही लिहा की यांनी आम्हाला एक पक्षी दाखवायला नकार दिला, कारण तो घरट्यावर होता. पाच तारे. असे पंधरा-वीस रिव्ह्यू जमले तर त्या हळू चालणाऱ्या माणसाला पुन्हा डहाळी धरून उभं राहावं लागणार नाही.

बघा पटतंय का.