कोणत्या दिवशी?

दिल्लीत नेमणुकीवर असताना एका नभोवाणी केंद्राने मला श्रोत्यांच्या प्रश्नांना थेट उत्तरे देण्यासाठी बोलावले होते. विषय पाणीपुरवठ्याचा होता. आधी मुलाखत झाली. योजना, तरतूद, उद्दिष्ट हे शब्द सवयीचे असल्याने ती सुरळीत पार पडली. मग कापसहेड्याहून एका बाईंचा दूरध्वनी आला. त्यांच्या गल्लीत टँकर येत नव्हता. ‘संबंधित विभागाला कळवतो,’ असे मी सांगितले. त्यांनी शांतपणे विचारले, ‘कौन से दिन आएगा, साहब?’

माझ्यापाशी दिवस नव्हता. नस्तीवर ‘आवश्यक ती कार्यवाही करावी’ असा शेरा मारून मोकळे होता येते. ध्वनिक्षेपकासमोर ती सोय नसते.

कापसहेडा दिल्लीच्या हद्दीत आहे आणि पलीकडे हरियाणाचे उद्योग विहार. तेथे कारखान्यांत राबणारे अनेक जण इकडे भाड्याच्या खोल्यांत राहतात. अशा लोकांचे गाऱ्हाणे नेमके कोणी ऐकायचे, हा प्रश्न जुना आहे. गुडगावची महानगरपालिका 2008 मध्ये स्थापन झाली, पण तिची पहिली निवडणूक 2011 मध्ये झाली. मधल्या काळात, 2009 मध्ये, ‘गुडगाँव की आवाज’ हे सामुदायिक नभोवाणी केंद्र सुरू झाले. म्हणजे शहराला नगरसेवक मिळण्यापूर्वी गावकऱ्यांना आणि परप्रांतीय कामगारांना आपल्या भाषेत बोलण्याची जागा मिळाली होती. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणांस याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. नव्या शहराच्या मतदार यादीत आपले नाव उशिरा लागते. श्रोता मात्र पहिल्या दिवसापासून होता येते.

ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये सांगितले. निकाल देणाऱ्या पीठावर न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. तरीही स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक केंद्रे चालविण्याची मुभा मिळायला 2006 साल उजाडले, आणि तीही स्वतःच्या बातम्या न देण्याच्या अटीवर. अशा केंद्राला वार्ताहर धाडून नाला का तुंबला याची बातमी करता येत नाही. नाल्याची जबाबदारी असलेला अधिकारी येऊन बोलला, तरच ती माहिती श्रोत्यांपर्यंत पोहोचते. म्हणून त्याने येण्याचे टाळणे अधिक महागात पडते.

आमचे सहकारी दोन आक्षेप घेतात. पहिला असा, की प्रसारणात दिलेला शब्द शासनाच्या गळ्यात पडतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ज्याचा दूरध्वनी लागला त्याचेच काम आधी होते, आणि रांगेतील इतरांवर अन्याय होतो. हे खरे आहे. म्हणूनच एका गल्लीला टँकर धाडून वाहवा मिळवू नये. सर्व वस्त्यांचे वेळापत्रकच वाचून दाखवावे. माहितीच्या अधिकाराचा 2005 चा कायदा तरी वेगळे काय सांगतो? त्याच्या कलम 4 नुसार बरीच माहिती कोणी न मागता, नियमितपणे आणि स्थानिक भाषेचा विचार करून द्यायची आहे. प्रसारमाध्यमांतून माहिती देणे हा मार्ग त्या कलमाच्या स्पष्टीकरणात नमूद आहे. तेव्हा केंद्रावर जाऊन उत्तर देणे हा अधिकाऱ्याचा मोठेपणा नसून त्याच्या कर्तव्याचाच भाग आहे.

शब्द गळ्यात पडण्याच्या भीतीवरही उपाय आहे: पुन्हा जाणे. पहिल्या कार्यक्रमात प्रश्न टिपून घ्यावेत आणि महिन्याभराने त्याच वेळी त्याच केंद्रावर काय झाले, काय झाले नाही आणि का, हे सांगावे. ‘निधी आला नाही’ हेदेखील उत्तर आहे. लोक ते समजून घेतात. मौन मात्र त्यांना समजत नाही.

हे मी अधिकाराने सांगतो आहे असे नाही. त्या केंद्राचे दुसरे बोलावणे आले, तेव्हा मी बैठकीचे कारण पुढे केले. बैठक होती, पण ती पुढे ढकलता आली असती. त्या बाईंनी पुन्हा दूरध्वनी केला असेल का, हा विचार आजही पाठ सोडत नाही.

आपण ज्या शहरात असाल, तेथे असा कार्यक्रम लागला तर अवश्य दूरध्वनी करावा. साहेबांचे उत्तर ऐकून घ्यावे आणि मग एवढेच विचारावे: कोणत्या दिवशी?