ओमानच्या वाळूचा हंगाम आणि आपला माल

सोलापूरची चादर व टॉवेल आखातात जातात, ही काही नवी गोष्ट नाही. पण तेथे हा माल शेवटी कोण वापरतो, कधी वापरतो, याची चौकशी आपण व्यापारी मंडळी करीत नाही. मीही करीत नव्हतो. ठेच लागली तेव्हा शुद्धीवर आलो.

काही वर्षांपूर्वी मस्कतच्या मत्रा बाजारातील एका दुकानदाराने माझ्याकडून टॉवेल मागवले. गिऱ्हाईक कोण, तर समुद्रावर आणि वाळवंटातील कॅम्पवर येणारे पर्यटक. आमच्या मागांवर माल निघेपर्यंत मार्च संपला, गासड्या एप्रिलअखेर पोहोचल्या आणि पैसे आले नोव्हेंबरात. मधले सहा महिने कारीगरांची मजुरी मी व्याजाने रक्कम उचलून भागवली, आणि त्या भल्या माणसाला मनात बेइमान ठरवून बसलो. पुढे स्वतः तिकडे गेलो तेव्हा कळले, चूक माझीच होती.

मस्कतहून दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरवर बिदिया गाव. तेथून वहिबाचे वाळवंट सुरू होते. सरकारी नाव आता शर्किया. टायरची हवा कमी करून वाळूच्या टेकड्या चढायच्या, उंटावर फिरायचे, रात्री तंबूबाहेर तारे पाहत पडायचे, हा तेथला शौक. मग सूरच्या बाजूला समुद्र. वादी शाबच्या खडकांतल्या पाण्यात पोहणे, आणि रात्री रास अल जिन्झच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणारी कासवे पाहणे. तो किनारा १९९६ पासून राखीव आहे. पर्यटकांचा मुख्य हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल. मे लागला की पारा पंचेचाळीसकडे धावतो, बरेच कॅम्प बंद होतात, आणि मत्र्यातला दुकानदार माझे टॉवेल समोर ठेवून माश्या मारतो. तो पैसे देणार कुठून?

गंमत अशी की त्याच उन्हाळ्यात त्याच देशाच्या दक्षिणेला गर्दी उसळते. आपला पाऊस आणणारा नैऋत्य वारा सलालाच्या डोंगरांना भिडतो. जूनअखेरपासून सप्टेंबरपर्यंत तेथे धुके, रिमझिम आणि हिरवळ. त्याला ते खरीफ म्हणतात. आपल्या शेतकऱ्याचा खरीप तो हाच शब्द. शेजारच्या अरब मुलखांतून कुटुंबेच्या कुटुंबे गाड्या भरून येतात. मसिरा बेटावर तर त्याच वाऱ्यात मोठा पतंग धरून फळीवर लाटा कापणारे शौकीन जमतात. म्हणजे वाळवंटाचा माल सप्टेंबरच्या आत मत्र्यात पाहिजे, आणि सलालाचा मे महिन्यात. रमजानचाही हिशेब ठेवावा. २०२३ ते २०२६ या काळात तो फेब्रुवारी ते एप्रिलदरम्यान, ऐन हंगामात आला. ईदच्या खरेदीत कॅम्पचा टॉवेल कोण घेतो?

आता मालाविषयी. चादरीला तेथे मान आहे, कारण हिवाळ्यात रात्री वाळू चांगली गार पडते. टॉवेलची गोष्ट वेगळी. आपला जाड टॉवेल हॉटेलच्या न्हाणीघरात शोभतो, पण पाठीवर पिशवी घेऊन फिरणाऱ्याला तो ओझे. लवकर वाळत नाही, फुलांत वाळू अडकते. सूरच्या किनाऱ्यावर एका गोऱ्या पोराच्या खांद्यावर तुर्कस्तानचा पेश्तेमाल पाहिला. पातळ, सपाट विणीचा, दोन्ही टोकांना गाठी मारलेला. विचारून हातात घेतला आणि हसूच आले. हा तर आपला पंचा! अंग पुसा, डोक्याला गुंडाळा, अंथरा, तासाभरात वाळतो. जो कपडा आपण हलका समजून निर्यातीच्या नमुन्यांत ठेवतही नाही, तोच दुसरे लोक चांगल्या भावाने विकत आहेत.

माझ्या मागांवर आता वाळूच्या रंगाचे पंचे निघतात, आणि जुलैतच बांधणी होते. टोकांच्या गाठी मोहल्ल्यातील बायका घरी मारतात. एका नगाला मजुरी काय द्यावी, यावर मात्र त्यांचे-माझे अजून एकमत झालेले नाही.