किरकोळ फंक्शन्स

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय आणि आज चक्क भांडायला आलोय. भांडण माझ्या भाच्याशी आहे. तो हे वाचतो, म्हणूनच चारचौघांत.

निवृत्तीनंतर मी कर्निघन-रिचींचं सी भाषेचं पुस्तक डिक्शनरी शेजारी ठेवून वाचलं. मराठीचा बी.ए., त्यामुळे जे समजलं ते सावकाश समजलं. भाचा लिनक्ससाठी ड्रायव्हर लिहितो. दिवाळीत त्याच्या लॅपटॉपवर 'युटिल्स' नावाची फाइल दिसली. म्हणाला, "मामा, ते नका बघू, किरकोळ आहे. नव्या पोरांना लिहायला दिलंय. ते कोणी तपासतही नाही."

किरकोळ? साधा प्रोग्राम चुकला तर तो एकटा बंद पडतो. ड्रायव्हर कर्नलच्या आत राहतो, तिथे कुंपण नाही. तो चुकला की अख्खं यंत्र आडवं. आणि ड्रायव्हरमधली सगळी मोठी फंक्शन्स याच किरकोळांच्या खांद्यावर उभी असतात.

एक साधं काम घ्या, नाव एका जागेतून दुसऱ्या जागेत उतरवणं. सी मध्ये शब्दाच्या शेवटी शून्य लिहितात, तो तिथला पूर्णविराम. स्ट्र-एन-कॉपी हे जुनं फंक्शन जुन्या युनिक्समधल्या १४ अक्षरांच्या ठरावीक खणांसाठी होतं. नाव लहान असेल तर उरलेल्या जागेत शून्यं भरायची, खण पूर्ण भरला तर पूर्णविराम द्यायचाच नाही. त्या खणासाठी ते बरोबरच होतं. पुढे लोक तेच 'सुरक्षित' म्हणून सगळीकडे वापरू लागले. पूर्णविराम नसला की वाचणारा शेजारच्या मेमरीत शिरतो. निबंधात मी याला अर्धा मार्क कापत असे!

मग १९९८ मध्ये ओपनबीएसडीवाल्यांनी स्ट्र-एल-कॉपी आणलं. ते पूर्णविराम देतं, पण मूळ शब्दाची लांबी सांगण्यासाठी तो शब्द शेवटपर्यंत वाचतं. मूळ शब्दालाच शेवट नसेल तर? पुन्हा तीच भटकंती. २०१५ मध्ये लिनक्समध्ये स्ट्र-एस-कॉपी आलं. ते पूर्णविराम देतं आणि नाव कापलं गेलं तर ऋण आकडा परत करून तसं कळवतं. ते घेताना टोरवाल्ड्स यांनी बजावलं होतं की जुनं बदलून नवं घालण्याचे घाऊक पॅच पाठवू नका, अशा बदलात कोणीतरी हमखास चूक करतं आणि आधीचं बरं होतं म्हणायची वेळ येते. स्ट्र-एल-कॉपी कर्नलमधून शेवटी गेलं ते २०२४ मध्ये. जगातल्या जाणत्या माणसांना एक नाव नीट उतरवायला इतकी वर्षं लागली आणि तू ते काम नव्या पोराला देतोस, वर तपासत नाहीस?

त्याचं उत्तर ठरलेलं: "पाच वर्षं चालतंय, मामा." अरे, १९ जुलै २०२४ च्या सकाळपर्यंत क्राउडस्ट्राइकचंही चालतच होतं. पुरवलेल्या किमती २०, कोडने हात घातला एकविसावीला. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने विंडोजची ८५ लाख यंत्रं कोलमडली, विमानं जमिनीवर राहिली. खण किती आहेत हे मोजणं यापेक्षा किरकोळ काम कुठलं?

दुसरं उत्तर, तपासणीने वेग कमी होतो. पोर्टला नाव एकदा, सुरुवातीला दिलं जातं. तिथे कसला आलाय वेग!

आणि खरा राग पुढेच आहे. त्या फाइलमध्ये स्ट्र-एस-कॉपी वापरलेलं होतं, पण ते स्वतःच्या एका फंक्शनमध्ये गुंडाळून, आणि ते फंक्शन काहीच परत करत नव्हतं. म्हणजे नाव कापलं गेलं हे जो सांगत होता त्याचंच तोंड बांधलं. लांबलचक नावाच्या दोन पोर्टांमध्ये फरक शेवटच्या आकड्याचा असेल तर कापल्यावर दोन्ही एकाच नावाचे होतील. आमच्या वर्गात दोन कुलकर्णी होते, दोघांचंही आद्याक्षर 'अ'. परीक्षेच्या गुणपत्रिकेत काय गोंधळ होतो ते मला विचारा. :-)

बरं, पोरांचा दोष मी धरत नाही. त्यांना कोणी सांगितलंच नाही. वही न तपासणाऱ्या मास्तरांचा धरतो.

काल भाच्याचा फोन आला. "मामा, ते फंक्शन आता आकडा परत करतं." मी म्हटलं, छान, आणि तो आकडा बघतं कोण? तर म्हणाला, मीटिंग आहे, रात्री करतो फोन.