बदला पुरा, तपास अपुरा



बदलापूरच्या शाळेत बालवर्गातल्या दोन मुलींवर ऑगस्ट 2024 मध्ये जो लैंगिक अत्याचार झाला, तो तुम्हाला पुन्हा सांगायला नको. तक्रार घेऊन गेलेल्या आईबापांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास बसवून ठेवले गेले, हेही तुम्हाला ठाऊक आहे. 20 ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, लोकल तासन्‌तास अडकून पडल्या. त्या दिवशी त्या रुळांवर जी चीड होती ती खरी होती आणि रास्त होती. माझे भांडण त्या चिडीशी नाही. माझे भांडण त्यानंतर महिन्याभराने जे झाले त्याच्याशी आहे. 23 सप्टेंबरला तळोजा कारागृहातून नेत असताना पोलिसांच्या गाडीत त्या गुन्ह्यातला आरोपी, शाळेतला सफाई कामगार, गोळी लागून मेला. लगेच फटाके फुटले, पेढे वाटले गेले आणि 'बदला पुरा' असे फलक झळकले. ज्यांनी ते फलक लावले आणि ज्यांनी ते पाहून समाधानाने मान डोलावली, त्या सगळ्यांसाठी हे पत्रक आहे.

पुरे काय झाले, ते आधी पाहू. आरोपी मेला की त्याच्यावरचा खटला तिथेच संपतो. त्याने नेमके काय केले, किती दिवस केले, कोणाला त्याची कुणकुण लागली होती आणि कोण गप्प बसले, हे भर कोर्टात उलटतपासणीतून बाहेर यायचे होते. आता त्याच्या तोंडून ते कधीच येणार नाही. त्याला शाळेत कोणी कामावर ठेवले? ठेवताना त्याची चौकशी केली होती का? बालवर्गाच्या मुलींना स्वच्छतागृहात नेण्याच्या वेळी बाईमाणूस का नव्हती? अशी गोष्ट कानावर आल्यावर पोलिसांना न कळवणे हा 2012 च्या पोक्सो कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा आहे. तो किती जणांनी केला? हे सगळे प्रश्न ज्यांना अडचणीचे होते त्या प्रत्येकाला त्या गोळीने थोडेफार मोकळे केले. लोकांचा राग एका सफाई कामगाराच्या प्रेतापाशी येऊन निवला. पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांनी चौकशी केली, तेव्हा आरोपीने हिसकावल्याचे पोलीस सांगत होते त्या पिस्तुलावर त्याच्या बोटांचे ठसे सापडले नाहीत आणि गाडीतल्या पाच पोलिसांवर ठपका आला. त्याचे अंतिम काय व्हायचे ते कोर्ट ठरवील. पण जानेवारी 2025 मध्ये ही बातमी आली, तेव्हा सप्टेंबरात पेढे वाटणाऱ्यांपैकी एकालाही स्वतःला प्रश्न विचारावासा वाटला नाही.

सुडाला कोणीतरी माणूस पुरतो. न्यायाला तोच माणूस लागतो. हा फरक पुस्तकी वाटत असेल तर नाशिककडे पाहा. जून 2003 मध्ये नाशिकजवळ शेतातल्या एका झोपडीवर रात्री दरोडा पडला. पाच माणसे मारली गेली, बायकांवर बलात्कार झाला. जे झाले ते ऐकून कोणाचेही रक्त उसळावे असेच होते. पोलिसांनी भटक्या जमातीतले सहा जण पकडले. 2006 मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, तर 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा फाशीवर नेली. दहा वर्षांनी, 5 मार्च 2019 रोजी, त्याच सर्वोच्च न्यायालयाने आपला निकाल मागे घेऊन सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकाला 5 लाख रुपये भरपाई देण्याचा हुकूम राज्य सरकारला दिला. यातला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. आणि यातली सर्वांत भयंकर गोष्ट वेगळीच आहे. त्या हल्ल्यातून जिवंत राहिलेल्या बाईने घटनेनंतर दोनच दिवसांनी, पोलिसांच्या दफ्तरातल्या सराईत गुन्हेगारांच्या फोटोंतून चार चेहरे ओळखून दाखवले होते. ते चौघे या सहांपैकी नव्हते. त्या चौघांचा माग कोणी घेतला नाही. म्हणजे सहा निरपराध माणसे सोळा वर्षे आत राहिली, आणि ज्यांनी ते केले ते याच महाराष्ट्रात मोकळे फिरत राहिले. 2003 च्या त्या पावसाळ्यात या सहांना पोलिसांच्या गाडीत गोळ्या घातल्या असत्या, तर नाशकात पेढे वाटले गेले असते की नाही? त्या बाईने ओळखलेले चौघेही कदाचित पेढे घ्यायला आले असते. कोर्टाचे चक्र मंद फिरले, चुकले, पुन्हा चुकले, पण फिरत राहिले म्हणून चूक दुरुस्त करायला माणसे जिवंत तरी होती. गोळीला पुनर्विचार याचिका नसते.

हैदराबादचे उदाहरण लोक आदर्श म्हणून देतात. नोव्हेंबर 2019 मध्ये पशुवैद्यक असलेल्या तरुणीवर बलात्कार आणि तिचा खून झाला. 6 डिसेंबरला पहाटे चारही संशयित पोलिसांच्या गोळीबारात मेले. पोलिसांवर पुलावरून फुले उधळली गेली, बायकांनी त्यांना राख्या बांधल्या. सर्वोच्च न्यायालयाने न्या. वि. स. सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. मे 2022 मध्ये त्याचा अहवाल जाहीर झाला. गोळीबार ठार मारण्याच्या हेतूनेच केला होता, आणि मेलेल्या चौघांपैकी तिघे गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होते, असे त्यात नोंदवले आहे. दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा, अशी शिफारस आहे. फुले मात्र परत घेता येत नाहीत.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप प्रत्येक चर्चेत टाळीसाठी फेकला जातो: 'तुमच्या घरातल्या मुलीवर अशी वेळ आली असती तर?' तर बापाला त्या माणसाचा गळा घोटावासा वाटला असता, यात शंका नाही. म्हणूनच जगातल्या कोणत्याही शहाण्या समाजाने मुलीच्या बापाला न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवलेले नाही. त्याचे दुःख खरे असते, पण पुरावा तोलण्याचे काम त्या दुःखाकडून होत नाही. आणि 'घरातली मुलगी' हा विषय तुम्हीच काढलात, तर तो शेवटपर्यंत नेऊ. राष्ट्रीय गुन्हे नोंदणीचे आकडे वर्षानुवर्षे एकच गोष्ट सांगतात: बलात्काराच्या 100 गुन्ह्यांपैकी 95 हून अधिक गुन्ह्यांत आरोपी त्या मुलीच्या ओळखीचा असतो. काका, मामा, शेजारी, मास्तर, बापाचा मित्र, कधी बाप. सत्यनारायणाला पहिल्या ओळीत बसणारा काका तो असेल तेव्हा त्याला गाडीत घालून गोळी मारा, असा फलक तुमच्या सोसायटीच्या फाटकावर लागणार आहे का? नाही. तेव्हा मुलीलाच सांगितले जाईल की बोलू नकोस, त्याला फाशी होईल, घर बसेल. शिक्षेची भाषा जितकी भीषण, तितके घरातले तोंड जास्त घट्ट बंद होते. जी पोर आज धीर करून आईला सांगते, तिच्या डोक्यावर उद्या एका माणसाच्या जिवाचे ओझे घरातलीच माणसे ठेवतील.

दुसरा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तर शांतपणे द्यायला हवे. कोर्टात वर्षानुवर्षे जातात, साक्षीदार फितूर होतात, म्हणून लोक कायदा हातात घेतात. खरे आहे. 13 ऑगस्ट 2004 रोजी नागपूरच्या कोर्टात कस्तुरबा नगरच्या बायकांनी एका गुंडाला ठार मारले. त्या बायका वर्षानुवर्षे त्याच्याविरुद्ध तक्रारी करत होत्या आणि पोलीस त्यांना हाकलून देत होते. त्यांना नैतिकतेचे धडे द्यायला मी बसलेलो नाही. पण त्या बायकांची असहायता हा सरकारचा बचाव होऊ शकत नाही. ज्यांच्याकडे कायदा नव्हता त्यांनी दगड उचलला, हे समजू शकते. ज्यांच्याकडे सगळा कायदा, सगळी कोठडी, सगळी दफ्तरे आहेत त्यांनी 'कायदा चालत नाही हो' म्हणून पिस्तूल उचलावे, हे कसले समर्थन? दर दहा लाख लोकांमागे 50 न्यायाधीश हवेत, असे विधी आयोगाने 1987 मध्ये सांगितले आणि सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये पाच वर्षांची मुदत घालून बजावले. आज आपण 21-22 च्या आसपास रेंगाळतो आहोत. देशाच्या तुरुंगांत 2022 च्या अखेरीस जे कैदी होते, त्यांतले चारपैकी तीन कच्चे कैदी होते, म्हणजे त्यांचा निकालच लागलेला नव्हता. न्यायाधीशांच्या रिकाम्या जागा भरा म्हणून कोणत्या चौकात फलक लागला? न्यायवैद्यक प्रयोगशाळेत नमुने पडून राहतात म्हणून कोणी लोकल अडवली? विलंबाबद्दल ओरडायचे आणि विलंबाच्या कारणांना हातही लावायचा नाही, ही न्यायाची तळमळ नव्हे.

'दहशत बसली पाहिजे', हा तिसरा. बारा वर्षांखालच्या मुलीवरच्या बलात्काराला 2018 पासून कायद्यात फाशी आहेच. 2019 मध्ये ती पोक्सोतही आली. मार्च 2020 मध्ये दिल्लीत सामूहिक बलात्काराच्या प्रकरणात चौघे फासावर गेले. 2021 च्या डिसेंबरात आपल्या विधिमंडळाने महिला आणि बालकांवरच्या अत्याचारांविरुद्धचे शक्ती विधेयक एकमताने मंजूर केले, त्यातही फाशी होती; त्याचा कायदा कधी झालाच नाही आणि त्याची कोणाला फारशी चुटपुटही लागली नाही, कारण टीव्हीवर टाळ्या त्याआधीच वाजून गेल्या होत्या. दहशत शिक्षेच्या भीषणतेने बसत नाही, शिक्षा चुकणार नाही या खात्रीने बसते. 2022 मध्ये बलात्काराच्या ज्या खटल्यांचा निकाल लागला, त्यांत शिक्षा झाली 100 पैकी जेमतेम 27 मध्ये. हे गुन्हेगाराला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. आणि मोठी शिक्षा झाली म्हणजे न्याय झाला, असे ज्यांना वाटते त्यांनी खैरलांजी आठवावी. 29 सप्टेंबर 2006 रोजी भंडारा जिल्ह्यातल्या त्या गावात एका दलित कुटुंबातली चार माणसे मारली गेली. 2008 मध्ये सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी दिली. आणि त्याच निकालात अॅट्रॉसिटी कायदा इथे लागू होत नाही, असेही ठरवले. बायकांच्या अब्रूवर हात टाकल्याचे कलमही सिद्ध झाले नाही. फाशी सहा, आणि त्या चौघांना का मारले हे कागदावर नाही. उच्च न्यायालयाने 2010 मध्ये ती फाशी 25 वर्षांच्या कैदेवर आणली, तेव्हा लोक शिक्षा कमी झाली म्हणून खवळले. ज्या जातीने त्यांना मारले तिचे नाव निकालातून गेले, यावर फार थोडे खवळले. मला विचाराल तर तो घाव फाशी रद्द होण्यापेक्षा कितीतरी खोल होता. अपराध काय होता हे समाजाने मोठ्याने, पुराव्यानिशी, नावानिशी कबूल करणे हा न्यायाचा गाभा आहे. शिक्षा त्यानंतर येते.

आणखी एक गोष्ट. पोलिसांच्या या चकमकींत कोण मरते, त्याची यादी काढा. ट्रकचा ड्रायव्हर, क्लीनर, सफाई कामगार, झोपडपट्टीतला पोरगा. मुंबईत 1995 ते 1997 या काळात 99 चकमकींत सुमारे 135 माणसे मारली गेली. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि 2014 मध्ये चकमकींच्या तपासासाठी 16 नियम घालून दिले गेले. संस्थाचालक, कारखानदार, पुढाऱ्याचा भाचा पोलिसांचे पिस्तूल हिसकावताना मेला, असे तुम्ही कधी ऐकले आहे का? त्यांना पिस्तूल हिसकावायची गरज पडत नाही. त्यांच्यासाठी वकील असतो, डॉक्टर असतो, छातीत दुखणे असते. ज्यांच्या हातात तुम्ही न्याय सोपवायला निघाला आहात, त्यांच्याबद्दलही आठवण ठेवा. 1972 मध्ये देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर दोघा पोलिसांनीच बलात्कार केल्याचा खटला झाला आणि 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही सोडले. त्यावर देशभरातल्या बायका रस्त्यावर आल्या. त्यांनी पिस्तूल मागितले नाही, कायदा मागितला, आणि 1983 मध्ये कोठडीतल्या बलात्काराबद्दल पुराव्याचा नियमच बदलून घेतला. त्या बदललेल्या नियमाने पुढच्या किती बायकांना हात दिला असेल. 'बदला पुरा'च्या फलकाने एकीला तरी दिला का?

लैंगिक गुन्ह्याची तक्रार नोंदवून न घेणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला किमान सहा महिने आणि कमाल दोन वर्षे सक्तमजुरी, ही तरतूद 2013 मध्ये दंडसंहितेत आली. नव्या भारतीय न्याय संहितेत तिचे कलम 199 आहे. शाळेत, वस्तीत, ठाण्यात हे कलम छापून लावा. कोणी आईबाप तक्रारीला गेले तर एकटे जाऊ देऊ नका, चार जण सोबत जा. नोंद होईपर्यंत, मुलीचा जबाब महिला अधिकाऱ्याने घेईपर्यंत आणि एफआयआरची मोफत प्रत हातात पडेपर्यंत उठू नका. तासाभरात नोंद झाली नाही, तर कलम 199 खाली त्या अधिकाऱ्याविरुद्ध लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. मत मागायला येईल त्याला विचारा: तुमच्या जिल्ह्यात पोक्सोचे किती खटले तुंबले आहेत, किती सरकारी वकील आहेत, नमुन्यांचे अहवाल किती महिन्यांनी येतात. आणि पुढच्या वेळी पोलिसांच्या गाडीत कोणी मेले म्हणून पेढ्याचा पुडा तुमच्यासमोर आला, तर तो घेऊ नका.