उन्हाळ्याचे दोन महिने आणि एक प्रश्न

प्रति,
उच्च व तंत्रशिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन,
आणि परदेशी शिष्यवृत्त्यांच्या योजना राबवणाऱ्या सर्व संस्था

विषय : पदवीच्या विद्यार्थ्यांना उन्हाळी सुटीत परदेशी जाऊन स्वतंत्र संशोधन करण्यासाठी अर्थसाहाय्य मिळणेबाबत

महोदय,

विषयाची सरकारी ओळ लिहून झाली, आता सरळ बोलतो. मी मेढ्याचा. या पट्ट्यातल्या पोरांना शिकवण्यात उमेदीची वर्षे गेली.

राज्याकडे परदेशी शिष्यवृत्त्या आहेत आणि त्या चांगल्या आहेत. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची आहे, सारथीची सयाजीराव गायकवाडांच्या नावाची आहे, इतर प्रवर्गांच्याही आहेत. पण त्यांचा सगळा रोख पुऱ्या अभ्यासक्रमावर, त्यातही पदव्युत्तर आणि पीएचडीवर. क्रमवारीत वर असलेल्या विद्यापीठात प्रवेश मिळवा, मग आमच्याकडे या. एस.वाय.-टी.वाय.च्या ज्या पोराकडे एक नेमका प्रश्न आहे आणि सुटीचे दोन महिने आहेत, त्याच्यासाठी अर्जात रकानाच नाही.

आमच्या पोरांकडे कसले प्रश्न, असे मनात आले असेल तर सांगतो.

मेढ्याच्या वरच्या अंगाला कासचे पठार आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्यात कासही गेले, आणि सप्टेंबरात तिथे गाड्यांची रांग लागू लागली. लोक फोटो काढतात. आमची एक विद्यार्थिनी मात्र भिंग घेऊन गेंदापाशी बसलेली असते. गेंद म्हणजे सड्यावर लाखोंनी दिसणारी, टाचणीच्या डोक्यासारखी पांढरी फुले. लांबून सगळी एकच वाटतात. जाती मात्र अनेक, आणि त्या वेगळ्या करायच्या तर तो गेंद फोडून आतली तिळाएवढी फुले सूक्ष्मदर्शकाखाली न्यावी लागतात, बियांच्या सालीवरची नक्षी पाहावी लागते. एका जातीबद्दल तिला शंका आहे. ती फिटायची तर एकोणिसाव्या शतकात घाटातून गेलेले वाळवलेले नमुने पाहायला हवेत. इथल्या वनस्पतींवरचे डालझेल आणि गिब्सन यांचे ‘द बॉम्बे फ्लोरा’ हे पुस्तक १८६१ चे. त्यातल्या डालझेलने गोळा केलेल्या वनस्पती आज लंडनच्या क्यू उद्यानात कागदांवर चिकटवून जपल्या आहेत. त्यांतल्या पुष्कळांचे फोटो इंटरनेटवर आहेत आणि ते तिने पाहिलेत. फोटोत कागद दिसतो, फुलाच्या आतले दिसत नाही.

तिचे वडील वाशीच्या बाजारात माथाडी. त्यांनी मला विचारले, “सर, दोन महिन्यांत परत येणार म्हणता, मग डिग्री कसली मिळणार?” तुमच्या फायलींमध्येही हाच प्रश्न आहे, फक्त तिथे तो जीआरच्या भाषेत असतो.

दुसरी गोष्ट कोयनेची. जावळीतली गावे धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली गेली आणि ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप इथल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात अजून येतो. धरणाचे पाणी आणि जमिनीचे हलणे यांचा संबंध शोधायला पाटण तालुक्यात गोठण्याला सुमारे तीन किलोमीटर खोल भोक घेतले गेले, आणि त्या कामासाठी केंद्र सरकारची प्रयोगशाळा कराडला आहे. खोल वेधनाच्या ज्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाशी हे काम जोडलेले आहे, त्याचा कारभार जर्मनीत पॉट्सडॅमहून चालतो. ज्याच्या पणजोबाचे घर पाण्याखाली आहे, त्या भूशास्त्राच्या मुलाने दोन महिने तिथे बसून नोंदी वाचायला शिकावे, ही मागणी काही जगावेगळी नाही.

कला शाखेच्या मुलांचे हाल तर विचारूच नका. १८३९ मध्ये कंपनी सरकारने सातारच्या प्रतापसिंह महाराजांना गादीवरून उतरवले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते विलायतेला गेले आणि १८५३ पर्यंत तिथे झगडत राहिले. त्या साऱ्या खटाटोपाची पुष्कळ कागदपत्रे ब्रिटिश लायब्ररीत आहेत. ती मागवून वाचायला इतिहासाच्या टी.वाय.च्या मुलाला कुठली योजना पैसे देते? माझ्या माहितीत एकही नाही.

बाहेरच्या योजना आहेत, ठाऊक आहे. जर्मनीची डाड-वाइज, कॅनडाची मिटॅक्स ग्लोबलिंक. पण तिथे पारडे झुकते ते विज्ञान-अभियांत्रिकीकडे आणि नावाजलेल्या संस्थांकडे. शिवाय काम बहुतेक वेळा तिकडच्या प्राध्यापकाने आधीच आखलेले असते, पोराने त्यात जाऊन बसायचे. त्यातूनही शिकायला मिळते, नाही कसे. पण अमेरिकेतल्या येलसारख्या विद्यापीठात पदवीच्या मुलाला स्वतःच्या विषयावर उन्हाळाभर परदेशी काम करायला पैसे मिळतात. मी मागतो आहे ते हे.

“पदवीचे पोर काय संशोधन करणार?” हा आक्षेप निदान तुम्ही तरी घेऊ नका. विद्यापीठांच्या ‘आविष्कार’ या संशोधन स्पर्धेत याच पोरांची पोस्टरे लावून पाहुण्यांना फिरवून आणता. नव्या शैक्षणिक धोरणात चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स ठेवले आहे. संशोधन करा म्हणायचे आणि एसटीच्या पासापलीकडे काही द्यायचे नाही, हे कसे चालेल?

खर्चाचा माझा अंदाज असा : विमानाचे जाण्यायेण्याचे तिकीट, व्हिसा, विमा आणि आठ आठवड्यांचे साधे राहणे-खाणे धरून एका मुलामागे तीन ते चार लाख रुपये. लंडनमधल्या एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला फी-राहण्यासह जेवढे लागतात, तेवढ्यात अशी आठ-दहा मुले जाऊन येतील. म्हणून त्या योजना बंद करा असे मी म्हणत नाही. त्यांच्या शेजारी ही छोटी योजना मांडा.

आणि मांडाल तेव्हा पैसे आधी द्या. “प्रथम खर्च करावा, नंतर मूळ बिले सादर करावीत” ही अट माथाडीच्या घरात अर्ज भरण्याआधीच योजना संपवते. व्हिसाला बँकेतली शिल्लक दाखवावी लागते आणि ती दाखवण्यासाठी लोक हातउसने आणतात, सोसायटीचे कर्ज काढतात. मंजुरीचे पत्र व्हिसा कार्यालयात चालेल अशा इंग्रजीत, रकमेसह आणि तारखांसह द्या. तिकीट तुमच्या खात्यातून काढा. परत आल्यावर हिशेब हवा तेवढा घ्या.

निवड गुणांवर करू नका. दोन पानांचे टिपण मराठीत लिहून घ्या : प्रश्न काय, इथे राहून काय करून झाले, आणि तिकडे गेल्याशिवाय कशाचे अडते. शेवटचे नीट लिहिता येत नसेल त्याला खुशाल परत पाठवा. तिकडच्या ग्रंथालयाचे किंवा प्रयोगशाळेचे होकाराचे पत्र मागा, पण ते मिळवायला मदत करणारा एक माणूस विद्यापीठात नेमा. आमच्या मुलांना अनोळखी साहेबाला ईमेल लिहायची धास्ती असते, आणि प्राचार्यांच्या सहीला महिना लागतो.

वेळापत्रकाचेही बघा. जाहिरात पावसाळ्यातच निघाली पाहिजे, कारण तिकडचे दरवाजे पुढच्या उन्हाळ्यासाठी दिवाळीच्या सुमारास बंद होऊ लागतात. सत्र परीक्षा लांबली तर निवड झालेल्या मुलाचा पेपर कधी घेणार, हे विद्यापीठांकडून आधी लेखी घ्या. मुलाखती मुंबईत नकोत, साताऱ्यात घ्या. मेढ्याहून सकाळच्या गाडीने निघालेली मुलगी दुपारी घरी परतू शकते, आणि तिच्याबरोबर येणाऱ्या आईचा एकच रोज बुडतो.

आपला,
मेढ्यातील एक शिक्षक
ता. जावळी, जि. सातारा