आधी मीटर, मग सामान

वर्षानुवर्षे भाड्याच्या खोलीत काढून, पोटाला चिमटा घेऊन आपला कारागीर बांधव पहिले घर घेतो. रंगरंगोटी, कपाट, नातेवाईकांची दावत या सर्वांचा विचार होतो. विजेचा मात्र सर्वांत शेवटी. "तूर्त शेजारून तार ओढू, मीटरचे पुढे पाहू," असे आपल्या वस्त्यांत सर्रास ऐकू येते. आमच्या मते ही सवय महागात पडणारी आहे.

घर जुने असेल तर बयाणा देण्यापूर्वी शेवटचे वीजबिल मागून घ्यावे. नियमांत तरतूद असल्यास जुन्या मालकाची थकबाकी नव्या मालकाकडे मागता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये दिला आहे. महाराष्ट्राच्या नियमांत ही तरतूद आहे. वारस सोडून इतरांवर ती सहा महिन्यांच्या थकबाकीपुरती आहे. तेव्हा थकबाकी कोण भरणार हे व्यवहाराच्या कागदातच लिहावे. देण्याघेण्याचे लिहून ठेवा, ही तर कुरआनची शिकवण आहे.

नंतर मीटर आपल्या नावावर करून घ्यावे. नवीन जोडणी हवी असल्यास ओळखीचा व जागेचा पुरावा आणि परवानाधारक ठेकेदाराचा वायरिंगचा चाचणी अहवाल घेऊन अर्ज करावा, पोच घ्यावी. केंद्र सरकारच्या २०२० च्या ग्राहक हक्क नियमांत २०२४ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार अर्ज पूर्ण असल्यास महानगरात ३, इतर नगरपालिका क्षेत्रात ७ आणि ग्रामीण भागात १५ दिवसांत जोडणी मिळाली पाहिजे; नवी लाइन टाकावी लागल्यास अधिक वेळ लागतो. मुदत माहीत असलेल्या माणसाला दलालाची गरज उरत नाही.

शेजाऱ्याच्या मीटरवरून वीज घेणे हा २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरतो. आकारणी दुप्पट दराने होते, आणि वापर केव्हापासून आहे हे ठरवता आले नाही तर मागील १२ महिन्यांची होते. ते बिल उपकार करणाऱ्या शेजाऱ्याच्याच नावावर येते! आकडा टाकणे ही तर सरळ चोरी. कलम १३५ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हलाल कमाईच्या घरात चोरीचा दिवा कशाला?

घरातच शिलाई मशीन किंवा जरीकाम चालवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. राज्य वीज नियामक आयोगाच्या दर आदेशांत, घराच्या एका भागात छोटा व्यवसाय असून वापर महिन्याला ३०० व वर्षाला ३,६०० युनिटपर्यंत असल्यास घरगुती दराची सवलत दिलेली आहे. चालू आदेशातील अट कार्यालयात विचारून घ्यावी. वापर त्यापुढे जात असेल, अथवा यंत्रमाग बसवायचा असेल, तर वेगळी जोडणी घ्यावी.

स्वतःच्या नावाचे बिल हा मालकीचा पुरावा नव्हे. पण बँकेत आणि जीएसटी नोंदणीत पत्त्यासाठी ते उपयोगी पडते. व्यापाऱ्याला याचे मोल सांगावयास नको.

आपल्या व्यापारी संघटनांनी व जमातींनी जुम्याच्या नमाजनंतर तासभर बसून लोकांचे अर्ज भरून द्यावेत, अशी आमची सूचना आहे. सुशिक्षित तरुणांनी पुढाकार घेतला तर अनेक घरे दंडापासून आणि दलालापासून वाचतील.