सेल्फ आणि सुशिक्षितांचे हात

मोटारीची किल्ली फिरवावी, केवळ ‘टक्’ असा आवाज यावा, आणि आपण सुशिक्षितांनी तात्काळ गॅरेजकडे माणूस धाडावा, हा जणू शिष्टाचारच होऊन बसला आहे. गेल्या पावसाळ्यात मीही तेच करणार होतो. परंतु माझ्याच वर्गातील एका मुलाने, ‘सर, अगोदर बॅटरीची टोके पाहू या,’ असे सुचविले. टोकांवर पांढुरका थर चढला होता. तो खरवडल्यावर दिवे लख्ख पेटले, तरी सेल्फ फिरेना. तेव्हाच दोष त्याचा ठरला. मग त्याने प्रथम बॅटरीच्या ऋण टोकाची तार सोडविली. कारण बॅटरीतून सेल्फकडे जाणाऱ्या जाड तारेत वीज सदैव असते, आणि पाना चुकून गाडीच्या पत्र्याला टेकला की ठिणगी उडते. (ज्यांना गाडीखाली शिरावे लागते, त्यांनी केवळ जॅकवर विसंबणे म्हणजे आत्मघात होय.) १९१२ साली कॅडिलॅक गाडीत विजेचा सेल्फ आला, तत्पूर्वी हँडल उलटून माणसांची मनगटे मोडत, हेही बोल्ट सोडविताना त्यानेच मला सांगितले. आपल्या परीक्षांत विद्युत्-चलित्राच्या आकृतीला गुण आहेत, पान्याला नाहीत. ही विभागणी मला अन्यायाची वाटते. गॅरेजवाल्याने अर्ध्या तासात उरकले असते त्या कामास आम्हांला अडीच तास लागले, हे कबूल. विज्ञानात त्या मुलाला ३६ गुण होते.